शंखांचा पडदा

आमच्या मामाला कुणी विचारलं, "काय, हल्ली माश्या मारतोस का?" की तो मान वर न करता म्हणायचा, "नाही. पाळतो." हा विनोद आमच्या नातेवाइकांत इतक्या वेळा झाला, की पुढे पुढे विचारणारा आणि उत्तर देणारा, दोघंही न हसताच तो उरकून टाकायचे. पण उत्तर खरं होतं. शहराच्या कडेला असलेल्या एका संशोधन केंद्रात मामा उभं आयुष्य माश्या पाळत होता. त्याचं नाव माशीमामा पडलं ते त्यामुळेच.

माझ्या आईला हे नाव खपायचं नाही. भावाची चेष्टा तिनं केली तर चालायची, दुसऱ्यानं केली की तिचा पारा चढायचा. मामाला मात्र त्याचं काही नव्हतं. माझं केस कापायचं दुकान आहे, दिवसभर लोकांच्या डोक्यांशी गाठ असते. माणसाला चिकटलेलं टोपणनाव सहसा त्याच्या मापाचंच असतं, असं माझं मत आहे. मामा तसाच होता. बारीक, मातकट कपड्यांतला, कुणाच्या अध्यात ना मध्यात, आणि एखाद्या जागी बसला की तासन् तास तिथंच.

त्याची माशी म्हणजे आपल्या जेवणावर घोंगावणारी माशी नव्हे. तसं कुणी म्हटलं की तेवढ्यापुरता तो चिडायचा. ही ओल्या कुरणात राहते, गवताच्या काडीवर डोकं खाली करून बसते, दवाचे थेंब पिते आणि कुणाच्या वाटेला जात नाही. तिची अळी मात्र गोगलगायी खाते. दुसरं काहीच खात नाही. कुरणातल्या नखाएवढ्या गोगलगायींच्या पोटात एक जंत वाढतो, तो गवतातून मेंढ्यांच्या यकृतात जातो आणि कळपच्या कळप खंगतात. औषध फवारलं तर गोगलगायींबरोबर बेडूकही मरतात. म्हणून केंद्रातल्या लोकांनी ठरवलं, की ही माशीच वाढवायची आणि कुरणात सोडायची.

माश्या वाढवायच्या तर त्यांच्या अळ्यांसाठी आधी गोगलगायी वाढवायला हव्या. ते मामाचं काम. कोबीची पानं धुऊन घालायची, कवच टणक व्हावं म्हणून खडूची पूड भुरभुरायची, ट्रेमधला कागद ओला ठेवायचा. त्यातल्या ज्या चांगल्या धष्टपुष्ट होतील, त्या उचलून अळीपुढे ठेवायच्या. मामी म्हणायची, "सकाळी जिला भरवायचं, दुपारी तिलाच वाढायचं. अहो, तुमच्याशी लग्न करताना हे कुणी सांगितलं नाही मला."

मामाची एक आवडती गोष्ट होती. जेवायला पाहुणे आले की तो ती सांगायचाच. डाव्या हाताची मूठ म्हणजे गोगलगाय. उजव्या हाताची करंगळी म्हणजे अळी, केसाएवढी. ही करंगळी मुठीच्या कडेकडेनं आत शिरायची. "आणि गंमत बघा," मामा म्हणायचा, "गोगलगायीला पत्ताच नसतो. आत अळी खातेय आणि बाहेर ही कोबी खातेय. चालते, फिरते, शिंगं बाहेर काढते. बघणाऱ्याला वाटावं, काय झकास चाललंय हिचं." टेबलावर मूठ संथपणे सरकत राहायची. पाहुणे घास तसाच हातात धरून बसायचे. मग मामी पातेलं पुढे सरकवायची आणि म्हणायची, "अहो, जेवू द्या त्यांना."

गोष्टीचा शेवट मात्र मला आवडायचा. गोगलगाय संपली की अळी त्याच शंखात राहते. तोंडाशी आतल्या बाजूनं खडूसारखं पांढरं झाकण बांधते आणि अख्खा हिवाळा त्या परक्या घरात झोपून काढते. थंडी सरली की झाकण फोडून माशी बाहेर. मागे राहतो तो रिकामा शंख.

हे रिकामे शंख केंद्राच्या काही उपयोगाचे नव्हते. मामा ते खिशातून घरी आणायचा. मामी एका लाँड्रीसाठी कपडे दुरुस्त करायची. बटणं लावणं, चेन बदलणं, पँटी आखूड करणं. हातात कला होती आणि रिकामं बसणं ठाऊक नव्हतं. तिनं शंख धुऊन, जाड सुईनं भोकं पाडून त्यांच्या माळा केल्या आणि स्वयंपाकघर आणि गॅलरी यांच्यामधल्या दाराला पडदा लावला. दरवर्षी त्यात एकदोन माळांची भर पडायची. जाता-येता तो खुळखुळायचा. लहानपणी माझी वेणी त्यात अडकली की मी भोकाड पसरायची, आणि मामी एकेक केस सोडवत म्हणायची, "रडू नकोस गं, त्या काही चावत नाहीत."

शंख धुण्याचा एक नियम होता. अगदी सुरुवातीला, नवी नवरी असताना, मामीनं शंखांचा वाडगा ओट्यावर ठेवला होता आणि खाली गरम पाणी तयार होतं. तेवढ्यात वाडग्यातून एक माशी बाहेर आली, ओलसर, पंख चुरगळलेले, आणि वाडग्याच्या काठावर बसून पंख वाळवायला लागली. एक भरलेला शंख चुकून आला होता. मामी इतकी हादरली की तिनं गरम पाणी मोरीत ओतून दिलं. तेव्हापासून ती एकही शंख विचारल्याशिवाय पाण्यात घालायची नाही.

"रिकामे आहेत ना?" ती आतून विचारायची.

मामा हातातलं काम ठेवून यायचा. एकेक शंख खिडकीच्या उजेडात धरायचा. झाकण दिसलं तर बाजूला, नाही दिसलं तर, "हो, रिकामा आहे." पुढे मामाच्या डोळ्यांना चष्मा लागला आणि मामीला ते झाकण त्याच्यापेक्षा चांगलं दिसू लागलं, तरी ती विचारायची आणि तो उठून यायचा. त्यांना मूलबाळ नव्हतं. लाडाचं बोलणं दोघांनाही जमायचं नाही. दोन म्हातारी डोकी खिडकीशी एकत्र येऊन वाटाण्याएवढ्या शंखात डोकावतायत, हे मी कितीदा पाहिलंय. ते बघून माझ्या नवऱ्याला मी सांगितलं होतं, "आपलं असं कधी होणार नाही. तू हाक मारल्यावर येतच नाहीस."

मामीचं काहीतरी बिनसलंय हे प्रथम लाँड्रीवाल्याच्या लक्षात आलं. तिनं एका गिऱ्हाइकाची पँट आखूड करून दिली होती. टीप सरळ, टाके बारीक, काम नेहमीसारखं चोख. फक्त दोन्ही पायांची तोंडं शिवून बंद केली होती. लाँड्रीवाला भला माणूस. तो पँट घेऊन स्वतः घरी आला आणि मामाला दारातच हळू आवाजात म्हणाला, "बाईंना जरा डॉक्टरांना दाखवा."

डॉक्टरांनी सांगितलं ते असं, की हे आतून चाललेलं दुखणं आहे. बरंच आधी सुरू झालेलं असतं. माणूस खातं-पितं, हसतं, बोलतं, म्हणून कुणाला कळत नाही.

मी बरोबर गेले होते. मामा गुडघ्यावर हात ठेवून ऐकत होता. त्याच्या डाव्या हाताची मूठ वळली होती. त्या दिवसानंतर मामानं ती गोष्ट कधीच सांगितली नाही. माझी मुलगी एकदा हट्टाला पेटली, "आजोबा, अळी आत शिरते ते करून दाखवा ना." मामा म्हणाला, "शिरते आत. मग पुढे माशी होते." आणि तिला पाणी आणायला पाठवलं. मी उठून गॅलरीत गेले. मला त्या माशीचा राग आला होता, जणू काही तिनंच केलं होतं सगळं.

मामी हळूहळू माणसं विसरली. मला ती कधी माझी आई समजायची, कधी लाँड्रीतली बाई. शिवणयंत्र विसरली, गॅस विसरली. एक वाक्य मात्र टिकून राहिलं. "रिकामं आहे ना?" पाण्याची बाटली धुताना, पिशवीची घडी घालताना, चपलेत पाय घालताना सुद्धा. दिवसातून कितीतरी वेळा. आधी मामा दरवेळी उठून बघायचा. मग जिथं असेल तिथूनच "हो, हो" म्हणायला लागला. त्याला मी बोल लावणार नाही. त्याची जागा घेऊन कुणी आठवडाभर राहून दाखवावं.

याच सुमारास केंद्रातली माश्यांची खोली बंद करायचं ठरलं. कुणाचा दोष असा नव्हता, लोकांचं लक्ष दुसरीकडे वळलं होतं. ज्या कुरणातून पहिल्या माश्या पकडून आणल्या होत्या, तिथं आता गोदामं उभी होती. त्या खोलीच्या प्रमुख एक बाई होत्या. मामा आणि त्या मिळूनच म्हातारे झाले म्हणा ना. त्यांना दूरच्या एका केंद्रात जागा मिळाली होती. थंडी संपली की तिथं माश्यांसाठी खोली मिळणार होती. प्रश्न मधल्या हिवाळ्याचा होता. झाकणं बांधून झोपलेल्या अळ्यांचे शंख गारव्यात, ओलसर ठेवावे लागतात, आणि केंद्रातली थंड खोली तर लगेच बंद होणार होती. मामाचीही निवृत्ती तेव्हाच होती.

मामा बाईंना म्हणाला, "मी नेतो घरी. आमची गॅलरी उन्हाचं तोंड बघत नाही."

असे ते शंख घरी आले. लाकडी चपटी पेटी, तळाला शेवाळ, वर जाळी. गॅलरीच्या कोपऱ्यात स्टुलावर ती पेटी ठेवलेली असायची. मामा रोज सकाळी शेवाळावर पाणी शिंपडायचा, जाळी तपासायचा. मला एकदा म्हणाला, "बाकी मी जे काही केलं ते संपलं गं. कुरणात सोडलेल्या माश्या कुठं गेल्या कोण जाणे. हे एवढंच जिवंत आहे. एकदा बाईंच्या हातात दिलं की सुटलो." त्याला झोपेतून जाग आली तरी आधी तो मामीकडे बघायचा आणि मग पेटीकडे. हे त्यानंच मला सांगितलं, आणि सांगून झाल्यावर ओशाळला.

थंडी सरत आली होती. माझ्या दुकानाला सुट्टी होती, तशी मी मामीचे केस कापायला गेले. सुट्टीच्या दिवशी मी जायचेच. दुसरं कुणी डोक्याला हात लावलेला तिला चालायचा नाही. दार मामानं उघडलं. बाहेरच्या खोलीत तो मामीच्या परकरांना इस्त्री करत होता. ते काम आता त्याच्याकडे आलं होतं. मी पिशवी ठेवली आणि आत गेले.

मामी ओट्याशी उभी होती. हात मनगटापर्यंत लाल झाले होते. मामानं तिच्या आंघोळीला तापवून ठेवलेल्या पाण्याच्या पातेल्यातून वाफ येत होती. ओट्यावर पंचा पसरला होता आणि त्यावर शंख, स्वच्छ धुतलेले, लहानमोठे निवडून ओळीत मांडलेले. शेजारी लाकडी पेटी पालथी घालून निथळत ठेवली होती. शेवाळ केराच्या डब्यात होतं. मामीचं काम नेहमीच चोख.

"ये गं," ती म्हणाली. "पडद्याच्या दोन माळा तुटल्यात बघ. किती दिवस राहून जातंय."

मी नुसती मामाला हाक मारली. त्यानं इस्त्रीचं बटण बंद केलं, ती उभी करून ठेवली, मग आला. मला त्याचा हा शिस्तीचा स्वभाव त्या क्षणी सहन झाला नाही.

दाराशी तो थांबला. मग पुढे येऊन त्यानं एक शंख उचलला आणि खिडकीच्या उजेडात धरला. मलाही दिसलं. तोंडाशी पांढरं झाकण, अख्खं. त्यानं दुसरा उचलला. तिसरा. नंतर पंच्यावरून नुसता हात फिरवला.

"मी विचारलं होतं हं," मामी म्हणाली. तिला आमच्या चेहऱ्यांवरून काहीतरी जाणवलं असावं.

"हो. विचारलंस."

"रिकामे आहेत ना म्हटलं. तुम्ही हो म्हणालात."

"हो. म्हणालो मी."

"मामी, अगं..." मी सुरुवात केली आणि मामानं माझं मनगट धरलं. त्याची बोटं इस्त्रीच्या कपड्यांनी गरम होती.

"सगळे रिकामे निघाले ना?" मामीनं विचारलं.

"सगळे," मामा म्हणाला. "मी दोरा आणतो."

त्यानं खरंच दोरा आणला. जाड सुई आणली. स्टूल आत घेतलं, मामीला खुर्चीत बसवलं आणि एकेक शंख तिच्या हातात देत राहिला. पँटचे पाय शिवून टाकणारी ती बाई, पण भोकं अचूक पाडत होती. हाताला आठवत होतं सगळं. मला काय करावं ते कळेना, म्हणून मी तिच्या खांद्यावर टॉवेल टाकला आणि केस कापायला घेतले. मला रडू येत होतं. कापलेले केस माझ्या ओल्या गालांना चिकटत होते, आणि मामी मध्येच मान वळवून म्हणाली, "लाँड्रीत आज फार वाफ आहे का गं?"

नंतर गॅलरीत मामा मला म्हणाला, "ती विचारायला चुकली नाही. मीच उठलो नाही."

"मामा, ती दिवसभर तेच विचारते. कुणीही..."

"कुणीही नाही. मला विचारलं होतं तिनं." मग म्हणाला, "हे कुणाला सांगायचं नाहीस. तुझ्या आईलासुद्धा नाही. लोक म्हणतील हिनं घालवलं. मग कुलपं लावा म्हणतील, हिला कुठंतरी नेऊन ठेवा म्हणतील." तो बोलत असताना मी स्टुलाच्या रिकाम्या जागेकडे बघत होते. जमिनीवर स्टुलाच्या पायांचे चार ओले गोल अजून वाळले नव्हते.

बाईंना त्यानं माझ्यासमोरच फोन केला. "माझ्या हातून गेले," एवढंच म्हणाला. मग बाईंनी विचारलं असावं, कारण मामा म्हणाला, "गरम पाण्यात. हो, सगळे. माझीच चूक." आयुष्यभर एक ट्रे वाकडा न ठेवलेला माणूस हे सांगत होता, आणि त्यावर विश्वास ठेवणं बाईंना किती जड गेलं असेल, ते मला इकडे कळत होतं.

काही दिवसांनी बाई स्वतः आल्या. त्या दिवशीही मी होते. त्या रागावल्या नव्हत्या, नुसत्या थकलेल्या दिसत होत्या. मामानं चहा केला. दोघंही चहा फुंकत बसले. मामीला मात्र पाहुणे आल्याचा आनंद झाला होता. तिनं बाईंचा हात धरला आणि त्यांना थेट स्वयंपाकघरात नेलं.

"हा पडदा मी केलाय. या नव्या माळा बघा."

बाईंनी एक माळ हातात घेतली. जन्मभर तेच शंख बघितलेली बाई. त्यांनी माळ उजेडाकडे जराशी वळवली आणि तशाच उभ्या राहिल्या. एकामागून एक पांढरी झाकणं, एकही फुटलेलं नाही.

"सगळे बघून घेतलेत हं," मामी अभिमानानं म्हणाली. "ह्यांना विचारल्याशिवाय मी एकही पाण्यात घालत नाही."

बाईंनी मान वळवून मामाकडे पाहिलं. मामा कपबश्या गोळा करत होता, त्यानं वर पाहिलं नाही. "छान झालाय पडदा," बाई म्हणाल्या. त्यांनी माळ हळूच सोडली, म्हणजे ती खुळखुळू नये अशी. निघताना दारात त्यांनी मामाचा हात दोन्ही हातांत घेतला, आणि जिना उतरून जाईपर्यंत मागे वळून पाहिलं नाही. त्या नव्या केंद्रात त्या आता दुसरंच काहीतरी वाढवतात, असं मामाकडून कळलं.

तेव्हापासून मामा कुठूनही बसल्या जागेवरून "हो" म्हणाला नाही. मामीनं आतून विचारलं, "रिकामं आहे ना?" की तो गुडघ्यावर हात टेकून उठायचा, चष्मा शोधायचा, आत जायचा. बाटली असो, पिशवी असो, चहाचा कप असो, ती वस्तू खिडकीच्या उजेडात धरून आत नीट बघायचा आणि मगच उत्तर द्यायचा. मी कधी म्हणाले, "मामा, बस, मी बघते," तर तो ऐकायचा नाही. दिवसातून किती वेळा उठायचा, त्याला सुमार नव्हता. त्याचे गुडघे त्यातच गेले.

आता मामी विचारत नाही. बोलतच नाही. खुर्चीत बसवलं तर बसते, घास दिला तर खाते. परवा गॅलरीत मी तिचे केस कापत होते तेव्हा मामानं तिला चहा पाजला. पाजून झाल्यावर तो उठला, पडद्याच्या माळा हातानं बाजूला करून खिडकीशी गेला आणि कप उजेडात धरून बराच वेळ आत बघत राहिला. मग परत येऊन तिच्यासमोर वाकला.

"रिकामा आहे गं," तो म्हणाला. "मी बघितलं."